दीड वर्षाच्या मुलाला एक्झिमा आहे. दूध, अंडी, शेंगदाणे बंद करावेत का? एअर प्युरिफायर घ्यावा का?

सासूबाई दूध बंद करायला सांगतात, मैत्रीण अंडं बंद कर म्हणते, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही. मी साताऱ्याची, सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आता निवृत्त आहे आणि एका नातवाची आजी आहे. माझं मत स्पष्ट आहे: कातडीच्या दुखण्यासाठी पोराला उपाशी मारू नका.

आमच्या नातवाला गालांवर लाल चट्टे आले, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत. रात्रभर खाजवायचा, सकाळी अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. सुनेच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, एका लॅबचं ॲलर्जीचं भलंमोठं पॅकेज करून घेतलं. रिपोर्टमध्ये दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, तूरडाळ, केळं, सगळ्यांपुढे लाल खुणा. झालं, दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद! साताऱ्याच्या घरात दाण्याचं कूट बंद करणं म्हणजे काय, ते इकडच्यांनाच कळेल. पोराचं पातेलं वेगळं, त्यात मऊ भात आणि मुगाचं वरण. वजन वाढायचं थांबलं, चट्टे मात्र जागचे हलले नाहीत.

मी म्हणायचे, "अहो, परवापर्यंत दहीभात खाऊन खेळत होता. ना ओठ सुजला, ना अंगावर गांधी उठल्या." त्यावर विहीणबाईंचं एकच, "मग काय रिपोर्ट खोटा आहे?" रिपोर्ट खोटा नसतो हो, पण त्याचा अर्थ तसा नसतो. एक्झिमाच्या कितीतरी मुलांच्या रक्तात अशा खुणा सापडतात आणि तोच पदार्थ ती मजेत पचवतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, काय होतं ते आधी बघायचं. तपासणी त्यानंतर, आणि तीही संशय असलेल्या पदार्थाचीच.

शेवटी पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि विचारलं, "मॉइश्चरायझरची बाटली किती पुरते?" सून म्हणाली, "दोन-तीन महिने." बाई म्हणाल्या, "अंगभर एक्झिमा असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलो लागतं." विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तर मलम असं लावा. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका, अंग टिपून घ्या, चोळू नका, आणि कातडी ओलसर आहे तोवर बिनवासाचं जाड मलम थापा. दिवसातून आणखी एकदा तरी लावा. डाळीच्या पिठाने चोळणं बंद. लोकरीचं टोपडं थेट अंगाला नको. लालसर भागावर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावायला घाबरू नका. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी रेघ येते, तेवढं मलम मोठ्या माणसाच्याच, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मेडिकलवाला "सगळ्यावर चालते" म्हणून देतो ती मिक्स ट्यूब, म्हणजे स्टेरॉइड आणि बुरशी-जंतूंची औषधं एकत्र कालवलेली, मात्र लहान मुलाला लावायची नाही. 'मलमाने चट्टे दाबू नका, आतली उष्णता बाहेर पडू द्या' म्हणणाऱ्यांना रात्री पोराला सांभाळायला बोलवा.

शेंगदाण्यांचं तर उलटंच निघालंय. इस्रायलमध्ये पोरं अगदी लहानपणापासून शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातात आणि तिथं ही ॲलर्जी कमी आहे. त्यावरून लंडनमध्ये ६४० बाळांवर अभ्यास झाला. सगळी तीव्र एक्झिमाची किंवा अंड्याच्या ॲलर्जीची. २०१५ मध्ये निकाल आला: ज्यांना शेंगदाणे दिलेच नाहीत त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्क्यांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्क्यांना. हे मी विहीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. निळ्या टिका आल्या, उत्तर अजून यायचंय.

आता हेही वाचा. काही मुलांना खरीच ॲलर्जी असते. खाल्ल्यावर लगेच गांधी, ओठ-डोळे सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी असं झालं तर तो पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय परत द्यायचा नाही. श्वास लागला किंवा मूल एकदम मलूल झालं तर सरळ हॉस्पिटल. बरेच दिवस बंद ठेवलेला पदार्थही घरी आपल्या मनाने सुरू करू नका, मधल्या काळात शरीर बिथरलेलं असू शकतं. आमच्याकडे दाण्याचा पहिला घास डॉक्टरांसमोरच दिला. लहान मुलाला अख्खा शेंगदाणा कधीच नको, घशात अडकतो. चट्ट्यांवर पिवळी खपली धरली किंवा ताप येऊन बारीक फोड उठले तर त्याच दिवशी दाखवा.

प्युरिफायरचे पैसे तूर्त मलमात घाला. आणि सासूबाईंना माझ्या वतीने विचारा, दूध प्यायल्यावर बाळाला नक्की काय झालेलं त्यांनी पाहिलं?