ग्रुपमध्ये सगळे, सोलो कोणाला?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे आणि सध्या 'ग्ली' या अमेरिकन सिरीजचं वेड लागलंय. मी दोन एपिसोड बघितले. एक गे मुलगा, एक व्हीलचेअरवरचा, एक काळी मुलगी, एक एशियन... यादी करून भरल्यासारखं वाटलं. बघू द्यावं का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, यादीचं म्हणाल तर तुमचं काही अगदीच चुकीचं नाहीये. २००९ ते २०१५ चालली ही सिरीज, ओहायोमधल्या लायमा गावातली शाळा, आणि तिथल्या गाण्याच्या क्लबात शाळेत ज्यांना कोणी विचारत नाही अशी पोरं. आता मर्सिडीजचंच, म्हणजे त्या काळ्या मुलीचंच बघा, काय आवाज आहे तिचा, पण गाणं क्लबातल्या मुख्य गायिकेचं, रेचलचं, आणि हिने शेवटी एक जोरदार तान मारायची बस्स, तिसऱ्या सीझनमध्ये तर ती वैतागून क्लबच सोडते. व्हीलचेअरवरच्या आर्टीचं काम करणारा केविन मॅकहेल स्वतः चालतो-फिरतो, त्यावर तेव्हा टीकाही झाली होती. डाउन सिंड्रोम असलेली बेकी मात्र खरी, तिचं काम करणाऱ्या लॉरेन पॉटरला स्वतःला तो आहे आणि बेकी गोड-बिचारी वगैरे अजिबात नाही, चांगली खट आहे!

पण पहिल्या सीझनचा नववा एपिसोड बघाच. स्पर्धेला जायला आर्टीसाठी वेगळी बस हवी, शाळेकडे पैसे नाहीत, आणि बाकीची पोरं म्हणतात, त्याचे बाबा सोडतात की त्याला नेहमी, त्यात काय. क्लबचे सर भडकतात, केक विकून पैसे जमवा म्हणतात, शिवाय रोज तीन तास प्रत्येकाने व्हीलचेअरवर बसायचं. त्यातच टीना, ती एशियन मुलगी, आर्टीला सांगते की तिचं तोतरं बोलणं नाटक होतं, आणि तो दुखावतो, कारण तिला हवं तेव्हा ते सोडता येतं, त्याला खुर्ची सोडता येत नाही. हे काही यादीतून येत नाही हो.

आणि त्याच एपिसोडमधले त्या गे मुलाचे, कर्टचे बाबा, बर्ट. गॅरेजवाला साधा माणूस, मुलींचं म्हणून ठरलेलं गाणं पोराला गायचंय तर त्याला चान्स द्या म्हणून प्रिन्सिपलशी भांडून येतो. मग गॅरेजवर एक निनावी फोन येतो, पोराबद्दल घाण बोलणारा. बाबांचा चेहरा बघून कर्ट ठरवतो, आणि ऐन ऑडिशनमध्ये वरचा सूर मुद्दाम चुकवतो, जो घरी त्याला बरोब्बर लागलेला असतो. मी तीनदा बघितलाय तो सीन, तिन्ही वेळा रडले (नवरा हसतो, हसू दे).

तर बघू द्या. आचरट विनोद, प्रेमप्रकरणं, पहिल्याच सीझनमध्ये प्रेग्नंट झालेली चीअरलीडर, हे सगळं आहे त्यात, दहावीतल्या मुलीला नवीन नसणार. फक्त बर्ट असेल तेव्हा तुम्हीपण शेजारी बसा, आणि पाचव्या सीझनपासून मध्येच झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही लागली होती.