कर्नेलच्या व्हीएफएसचे नियम फाइलसिस्टिम लिहिणाऱ्यांकडून पाळून कसे घ्यायचे?

तुमचा प्रश्न असा की, व्हीएफएसच्या (कर्नेल आणि वेगवेगळ्या फाइलसिस्टिम यांच्यामधल्या सामायिक थराच्या) लॉकिंगचे, म्हणजे कुणी कधी कोणतं लॉक धरायचं याचे, नियम डॉक्युमेंटेशनमध्ये नीट लिहिले आणि रिव्ह्यू कडक ठेवला तर तेवढं पुरत नाही का. माझं स्पष्ट मत: नाही पुरत. लिनक्समधली व्हीएफएसच्या लॉकिंगची फाइल उघडा. कुठली मेथड कोणतं लॉक धरून बोलावली जाते याचे तक्ते तिथे आहेत, आणि अगदी सुरुवातीला विनंती आहे की काही बदललंत तर कृपया ही फाइलही बदला. विनंती करावी लागते, कारण कंपायलर तो तक्ता वाचत नाही.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो वाचला जातो. व्हीनोडवरची (व्हीनोड म्हणजे फाइल किंवा डिरेक्टरीचं कर्नेलच्या मेमरीतलं रूप) सगळी ऑपरेशन्स 'व्हीनोड_इफ.एसआरसी' या एकाच फाइलीत जाहीर होतात. प्रत्येकाच्या डोक्यावर, एकेका व्हीनोडसाठी, तीन खुणा असतात: आत शिरताना, काम झाल्यावर आणि एरर आल्यावर लॉक कसं असलं पाहिजे. फाइलचे गुणधर्म बदलणाऱ्या 'सेटअ‍ॅटर'पुढे 'ई ई ई', म्हणजे तिन्ही वेळा एक्सक्लुझिव्ह (एकट्यानेच धरायचं) लॉक. ते नुसते वाचणाऱ्या 'गेटअ‍ॅटर'पुढे 'एल एल एल', म्हणजे लॉक हवं, शेअर्ड (अनेकांनी एकाच वेळी धरलेलं) असलं तरी चालेल. 'क्रिएट'मधून मिळणाऱ्या नव्या व्हीनोडपुढे '- ई -': आधी तो नसतोच, जमलं तर लॉक करून द्यायचा, फसलं तर द्यायचाच नाही. एक ऑक स्क्रिप्ट (मजकूर हाताळणाऱ्या भाषेतला छोटा प्रोग्राम) याच फाइलीतून रॅपर फंक्शन्स, म्हणजे मूळ कॉलभोवतीची वेष्टणं, तयार करते, आणि डीबग कर्नेलमध्ये (चुका पकडण्यासाठी बांधलेल्या) कॉलच्या आधी नि नंतर तपासणी होते. फाइलसिस्टिम लिहिणाऱ्याला एकही असर्ट (अट पडताळणारी ओळ) लिहावा लागत नाही, त्यामुळे तो विसरायचा प्रश्नच येत नाही.

मला त्यातली तिसरी खूण सगळ्यात मोलाची वाटते. रिव्ह्यू करणारा यशाची वाट बारकाईने वाचतो. डिस्क भरली म्हणून अर्ध्यातून परतणारा कोड क्वचितच कुणी चालवून बघतो. लॉक सुटायचं राहतं ते तिथेच.

अर्थात सगळं काही तक्त्यात मावत नाही. 'रीनेम'मध्ये चार व्हीनोड: जिथे जायचं त्या बाजूचे लॉक केलेले, जिथून निघालो त्या बाजूचे न केलेले, आणि दोन्ही डिरेक्टरी एकच असू शकतात. तिथे फ्रीबीएसडीलाही तपासणी हाताने लिहावी लागली.

लिनक्सचा एक मार्गही मला पटतो: जुना कोड कंपाइलच होऊ द्यायचा नाही. 2016 मध्ये 4.7 आवृत्तीत आयनोडच्या (लिनक्समध्ये फाइलची माहिती ठेवणाऱ्या रचनेच्या) म्यूटेक्सच्या, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या लॉकच्या, जागी रीड-राइट सेमाफोर (वाचणाऱ्या अनेकांना एकत्र धरता येणारं लॉक) आला आणि डिरेक्टरी वाचायला 'इटरेट_शेअर्ड' ही नवी मेथड आली. जुनी 'इटरेट' काही वर्षं सोबत राहिली आणि 2023 मध्ये 6.6 मध्ये काढून टाकली. ज्याला अजूनही एक्सक्लुझिव्ह लॉक लागतं, त्याने एक रॅपर उघडपणे वापरायचा. म्हणजे अपवादही कोडमध्ये डोळ्यांना दिसतो.

तुम्ही स्वतः इंटरफेस आखत असाल तर आधी विचारा, नियम टाइपमध्ये बसतो का. नसेल, तर कॉलच्या जागी आपोआप तयार होणारी तपासणी. आणि हा डीबग कर्नेल रोजच्या टेस्टमध्ये, मुद्दाम भरलेल्या डिस्कवर चालवा.