कवट्या, युनिट्स आणि ट्रान्सफर

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या कॉलेजात, मी मानवशास्त्र (अँथ्रोपॉलॉजी) शिकवते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार घेते.

मुलगी अँथ्रोपॉलॉजीच करायची म्हणते, आणि तेही आधी कम्युनिटी कॉलेजातून. चारचौघांत सांगायला संकोच वाटतो. तिथे शिकवतात तरी काय? – एक आई, फ्रीमाँट

ताई, आधी हिशेब. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका मापाला, ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांच्या साठ युनिट्सचे २,७६०. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. मग ट्रान्सफर घेऊन पुढची दोन वर्षं विद्यापीठात काढली की पदवी त्याच विद्यापीठाची.

शिकवतो काय? परवाचाच तास सांगते. टेबलावर चिंपांझीच्या आणि माणसाच्या कवटीच्या प्रतिकृती होत्या. दोन्ही उलट्या करून पाठीचा कणा जिथे जोडला जातो ते भोक शोधायचं. चिंपांझीत ते मागे सरकलेलं, माणसात बरंचसं मधोमध, कारण आपण डोकं कण्यावर तोलून दोन पायांवर चालतो. मागच्या बाकावरचा मुलगा लगेच स्वतःची मान चाचपायला लागला! इरावती कर्व्यांनी बर्लिनला डॉक्टरेट केली तीही माणसाच्या कवटीवरच. चारचौघांना हेही सांगा.

मला बर्कलीला जायचंय. दोन वर्षांत काय काय घेऊ?

उलट्या टोकाकडून सुरुवात कर. जिथे जायचंय तिथल्या विभागाला काय लागतं ते असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर तुझं कॉलेज टाकून बघ, मग वेळापत्रक आख. जैविक, सांस्कृतिक आणि पुरातत्त्व हे तिन्ही परिचय-कोर्स बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतात. जैविकबरोबर लॅबही घे, म्हणजे सामान्य शिक्षणातली (सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या विषयांतली) विज्ञानाच्या लॅबची अट तिथेच सुटते. मुलं नेमकी लॅब पुढे ढकलतात आणि शेवटच्या सत्रात जागा मिळत नाही म्हणून माझ्या दारात उभी राहतात.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात प्रवेशाची हमी देणारा ‘टॅग’ हा अर्ज तिच्या बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला चालत नाही. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच ठिकाणी तो भरता येतो, आणि तोही सप्टेंबरातच. बर्कलीचा अर्ज कर, पण यातलं एक हाताशी ठेव. ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची सहयोगी पदवी घेतलीस तर कॅल स्टेट या राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठात जागा नक्की, मात्र हव्या त्याच कॅम्पसची खात्री नाही.

नोकरीचं काय? – एक बाबा

अमेरिकेच्या १९६६ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यामुळे, केंद्राचा पैसा किंवा परवानगी असलेल्या कामाचा तिथल्या ऐतिहासिक वारशावर काय परिणाम होईल ते आधी तपासावं लागतं. त्यामुळे रस्ते, पाइपलाइन यांच्या आधी जमीन पाहायला पुरातत्त्वाची माणसं लागतात. बीए आणि उत्खननाचा अनुभव असला की सुरुवातीचं काम मिळू शकतं. उन्हातान्हातलं, फिरतीचं, पगार बेताचाच. सॉफ्टवेअरशी तुलना करणार असाल तर हे पत्र इथेच मिटा.

मी पुण्यात बारावीला आहे. थेट तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात येऊ का?

माझं मत विचारशील तर नको. परदेशी विद्यार्थ्यांना ४६ चा दर नाही, कितीतरी पट जास्त मोजावे लागतात, वर दर सत्राला निदान बारा युनिट्स घ्यावीच लागतात. पदवी तिथेच कर. एमएला पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग आहे, पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज आहे. मग पीएचडीला इकडे अर्ज कर; चांगले विभाग फी माफ करून वर विद्यावेतनही देतात.