आधी पट मोज

प्रिय मुली,

तुझं सात पानी पत्र परवा पोचलं. पहिल्या पानावर माझ्या गुडघ्यांची चौकशी, दुसऱ्यावर नगरचा पाऊस, तिसऱ्या-चौथ्यावर वाचनालयाच्या वेळांची रड, आणि खरं दुखणं पाचव्या पानाच्या तळाशी. प्रबंधातही तू असंच करतेस. मागे एकदा बोललो होतो, तेव्हा आठवडाभर फोन केला नव्हतास. असो.

दुखणं मला कळलं ते असं. तुझे मार्गदर्शक म्हणतात, एक बाजू धर. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणारं अमेरिकेतल्या केंटकीतलं बेरिया कॉलेज आदर्श होतं की ढोंगी, ते एका वाक्यात सांग, त्याशिवाय प्रबंध उभा राहायचा नाही. घरात आणि चर्चमध्ये वडीलधारे म्हणतात, जगात एवढी कॉलेजं पडली असताना एका भल्या ख्रिस्ती कॉलेजाचीच उणीदुणी काढायला निघालीस का? दोघांच्या कात्रीत सापडून तू मला विचारतेस, तिथला अध्यक्ष फ्रॉस्ट नायक की खलनायक? आणि 1904 च्या कायद्यावरचं प्रकरण दोन पानांत आटोपलं तर चालेल का?

नाही चालणार. का ते सांगतो. पण आधी माझा जुनाच प्रश्न, जो तू एफ.वाय.ला असल्यापासून ऐकतेस: पट मोजलास का?

सात पानांत कॉलेजचा संस्थापक जॉन ग्रेग फी आहे, त्याची निष्ठा आहे, बायबलातली वचनं आहेत, फ्रॉस्टची भाषणं आहेत. मुलं कुठे आहेत? त्या काळची अमेरिकन कॉलेजं वार्षिक कॅटलॉगमध्ये विद्यार्थ्यांची नावं छापत असत. ते सोडून तू भाषणं वाचत बसलीस. भाषण दोनशे माणसांसमोर करायचं असतं. पट लिहिणारा कारकून एकटा बसलेला असतो, त्याला टाळ्या नको असतात. म्हणून आधी पट, मग भाषण.

फीबद्दल तू लिहिलेलं चांगलं आहे, त्याला हात लावू नकोस. बाप गुलामांचा मालक, मुलगा गुलामगिरीविरुद्ध प्रवचनं करतो म्हणून बापाने त्याला वारसातून काढलं. पण ज्युलेट माइल्सला तू तळटीपेत टाकलंस, ते मला पटलं नाही. फीने बापाकडून तिला विकत घेतलं ते मोकळं करायला. पुढे ती आपल्या लेकरांना आणायला ओहायो नदी ओलांडून परत केंटकीत गेली, लेकरांसकट पकडली गेली, आणि तुरुंगातच मेली. फीच्या कॉलेजची कुळकथा सांगायची तर ही बाई वर, मजकुरात हवी. कुठल्याही पटावर तिचं नाव नाही, म्हणून तर हवी.

1855 ची एका खोलीची शाळा, रविवारी तीच प्रार्थनाघर. गुलामगिरीविरोधी जमीनदार कॅशियस क्ले याने फीला घरासाठी दिलेली दहा एकर जमीन. गावाचं नाव बायबलातलं, आपल्या मराठी बायबलात ते बिरुया म्हणून येतं. तू ज्या वचनावर तीन पानं लिहिलीस, देवाने सगळी माणसं एकाच रक्ताची केली, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायातलं. कॉलेजचं ब्रीदवाक्यच ते. पण त्याच अध्यायात थोडं वर बिरुयाच्या लोकांचं वर्णन आहे, ते तू वाचलं नाहीस की काय? पौलासारखा पौल सांगतोय म्हणून मान डोलावून मोकळे झाले नाहीत ते. सांगितलेलं खरं आहे का, हे रोज शास्त्र उघडून पाहत होते. म्हणजे पट मोजत होते! चर्चमधले वडीलधारे पुन्हा काही बोलले तर एवढंच वाचून दाखव त्यांना.

आता तुझ्या लाडक्या शब्दाकडे येतो. 1859 च्या नियमावलीत लिहिलं आहे की कॉलेज काटेकोरपणे ख्रिस्ती राहील आणि म्हणून पंथाभिमान, गुलामांची मालकी, जात आणि अशा सगळ्याच अन्यायी प्रथांच्या विरोधात राहील. ‘जात’ हा शब्द तिथे बघून तू जी हरखलीस ती अजून जमिनीवर आलेली नाहीस. मीही हरखलो होतो. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना मोकळं केल्याबद्दल. त्या अर्पणपत्रिकेचा माग काढता काढताच मी बेरियापर्यंत पोचलो होतो. पण जोतीरावांना बेरिया ठाऊक होतं असं सुचवणारं तुझं ते वाक्य काढून टाक. पुरावा आहे का तुझ्याकडे? मग ‘असावं’ हा शब्द कुठून आला? तिथे ‘कास्ट’ म्हणजे रंगावरून ठरलेली पायरी. आपली उतरंड तिच्यावर जशीच्या तशी ठेवायला गेलीस तर दोन्हींचं नीट दिसेनासं होईल.

नियमावली कागदावर आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळ तोंडावर आलेला असताना, साठेक हत्यारबंद घोडेस्वार दारात येऊन उभे राहिले. दहा दिवसांत जिल्हा सोडा! गेले बिचारे. मध्ये यादवी युद्ध. फी त्या काळात कॅम्प नेल्सनच्या लष्करी छावणीत, सैन्यात भरती झालेल्या काळ्या शिपायांमध्ये. आणि परत आल्यावर, 1866 साली, काळी मुलं वर्गात येऊन बसली तेव्हा काही गोरी मुलं उठून चालती झाली. त्या पहिल्या वर्षाचा पट बघ: एकूण 187. काळे 96, गोरे 91.

हे दोन आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाचनालयात होतो. पुस्तक मिटून खाली जाऊन चहा प्यायलो. गुलामांचा बाजार भरत होता त्याला फार वर्षं झाली नव्हती, त्याच राज्यात 96 आणि 91! तू नियमावलीवर तीन पानं लिहिलीस आणि या दोन आकड्यांवर अर्धी ओळ. मला सांग, दोन्हींपैकी काय लिहिणं सोपं होतं आणि काय करणं अवघड?

आता फ्रॉस्ट. हा 1892 साली अध्यक्ष झाला. त्याच वर्षापासून कॉलेजात शिकवणी शुल्क नाही (संस्थापकाचं आडनाव फी आणि कॉलेजात फी नाही, हा विनोद मी वर्गात चाळीस वेळा केला, एकदाही कोणी हसलं नाही). प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला निदान दहा तास काम करायचं, झाडू बांधायचे, हातमाग चालवायचा, हॉटेल सांभाळायचं, ही पद्धत आजही आहे. यावर तू भरभरून लिहिलंस, ठीक. पण फ्रॉस्टचं लक्ष पूर्वेच्या डोंगरांकडे होतं. ॲपलाचियातल्या गरीब गोऱ्यांना तो ‘समकालीन पूर्वज’ म्हणायचा आणि त्यांच्या नावावर उत्तरेकडच्या दात्यांकडून पैसा उभा करायचा. पैसा आला, मुलं वाढली, इमारती वाढल्या.

पट मोज. फ्रॉस्ट येईपर्यंत काळे विद्यार्थी निम्म्याच्या आसपास. 1904 पर्यंत पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

1904 साली कायदा झाला. कार्ल डे नावाच्या आमदाराने मांडलेला, त्याच्याच नावाने ओळखला जाणारा डे कायदा. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवायचं नाही. वेगळी शाखा काढायची तर ती पंचवीस मैलांच्या आत नको. राज्यात एकत्र शिकवणारं कॉलेज हे एकच होतं, म्हणजे कायदा कोणासाठी होता ते उघडच आहे. कॉलेजला हजार डॉलर दंड झाला. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि 1908 साली हरलं. न्यायमूर्ती हार्लन, स्वतः केंटकीचे, विरोधात उभे राहिले, पण निकाल फिरला नाही. तुझं म्हणणं असं की कायद्याने कॉलेजचा आत्मा हिरावून घेतला. प्रत्येक स्मरणिकेत हेच असतं. पण मुली, कायद्याने दार लावलं तेव्हा ते अर्धं आधीच ओढून घेतलेलं होतं, आणि ते बाहेरच्या कोणी ओढलेलं नव्हतं. हे तुला कोणत्याही भाषणात सापडणार नाही. फक्त पटावर सापडेल. म्हणून ते प्रकरण दोन पानांत आटोपायचं नाही. आणि एक लक्षात घे, 1903 ला, दार बंद व्हायच्या आदल्याच वर्षी, तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी म्हणजे कार्टर वुडसन. काळ्यांचा इतिहास शाळांत शिकवला जात नाही म्हणून 1926 साली त्यासाठी आठवडा पाळायला सुरुवात करणारा तोच. तो एक वर्ष उशिरा जन्मला असता तर?

तरीही फ्रॉस्टला खलनायक करू नकोस, हे मी मागच्या पत्रात लिहिलं आणि तू विचारलंस, ‘सर, तुम्ही त्याला का सांभाळून घेता?’

त्याचं उत्तर द्यायचं टाळत होतो. देतो आता.

मी ज्या संस्थेत नोकरीला लागलो तिचा सुवर्णमहोत्सव आला, स्मरणिकेचं काम माझ्याकडे. मी पस्तिशीचा, नोकरीत अजून कायम झालेलो नव्हतो, घरी वडील अंथरुणावर. जुन्या वसतिगृहाचं रजिस्टर सापडलं. लांबट, कापडी पाठीचं, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. त्यात शेऱ्याच्या रकान्यात काही नावांपुढे लाल शाईत ‘स्व. पं.’ स्वतंत्र पंगत. एकवीस नावं. मी मोजली होती. त्यांतल्या एकांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, ‘ताटं सारखीच होती हो सर, पण वाढपी आम्हाला वरून वाढायचा. डाळ बोटांवर पडायची.’ मी चार पानांचं प्रकरण लिहिलं. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी बोलावून चहा दिला आणि म्हणाले, ‘सर, लग्नाच्या मांडवात मयताची गोष्ट कशाला?’

मी प्रकरण काढलं. त्या जागी वसतिगृहाच्या बागेचा फोटो टाकला.

समारंभाला ते गृहस्थ आले होते. धुवट सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. टेबलावरची स्मरणिका उचलून बोट ओलं करत सावकाश पानं उलटली. वसतिगृहाच्या पानावर थांबले. मग अंक परत गठ्ठ्यावर ठेवला, गठ्ठा दोन्ही हातांनी नीट सरळ केला, माझ्याकडे बघून नमस्कार केला, आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत.

पण हेही ऐक. त्या स्मरणिकेमुळे देणग्या आल्या. देणग्यांतून नवी इमारत झाली. त्या एकवीस जणांपैकी किमान दोघांची नातवंडं त्याच इमारतीत शिकली, मीच शिकवलं त्यांना. चार पानं छापली असती तर इमारत झाली असती का? मी तीस वर्षं स्वतःला हाच प्रश्न विचारतो आणि तीस वर्षं सोयीचंच उत्तर देतो. फ्रॉस्टही हेच म्हणाला असता: पैसा आला, मुलं वाढली. आणि त्याच्या बाजूने बोलायचं तर तो कोर्टात गेला, मी कुठेच गेलो नाही. बाहेर काढाव्या लागलेल्या मुलांना दुसऱ्या कॉलेजांत शिकता यावं म्हणून बेरियाने पैसे दिले, त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट उभी केली, ती 1912 ला सुरू झाली. मी बागेचा फोटो छापला. तेव्हा मी फ्रॉस्टला सांभाळून घेतो ते त्याच्यासाठी नव्हे. तुझ्या लक्षात आलं असेलच, मार्गदर्शकांना सांगू नकोस.

1950 ला कायदा सैल झाला आणि बेरियाने लगेच पुन्हा काळे विद्यार्थी घेतले. इथे तू ‘वर्तुळ पूर्ण झालं’ असं लिहिलंस. कसलं वर्तुळ? सुरुवातीला आले ते मोजकेच. सेहेचाळीस वर्षं पटावर शून्य. शून्याची सेहेचाळीस वर्षं एका ओळीत ओलांडून जाऊ नकोस, त्या वर्षांचा तक्ता कर. रकाना रिकामा दिसला तरी छाप.

मार्गदर्शकांना सांग की एका वाक्यात बसत नाही. रागावतील, सही लांबवतील, त्याला इलाज नाही. मी त्यांना फोन करायचा का? नको, त्याने बिघडेलच.

प्रस्तावना पाठवू नकोस, ती सगळ्यात शेवटी लिहायची असते. मला 1904 चं प्रकरण हवं, तक्त्यासकट, दसऱ्याच्या आत. आणि दिवाळीला येशील तेव्हा एक काम आहे. ते रजिस्टर संस्थेत आता सापडत नाही असं ऐकतो. पण एकवीस नावं मी तेव्हा एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतली होती, ती चार पानंही तिच्यातच आहेत. वही माळ्यावर, पितळी पिंपाच्या मागे असावी. मला आता शिडी चढवत नाही. येताना नाकाला बांधायला फडकं आण, धूळ फार आहे.

तुझा,
सर