नवे प्रेस मशीन घ्यावे का?

प्रश्न : साकीनाक्याला आमचा पत्र्याचे ब्रॅकेट बनवण्याचा लहान कारखाना आहे. एका नगाला प्रेसवर १८ सेकंद, ड्रिलिंगला ३४ सेकंद आणि टॅपिंगला (भोकात आटे पाडायला) त्याहून कमी वेळ लागतो. तरीही ऑर्डर हातावेगळी व्हायला बारा दिवस लागतात. प्रेसची डाय (साचा) बदलायला दोन तास जातात, म्हणून एकदा डाय लावली की हजारो नग काढून ठेवतो. ग्राहकाला रोज ९०० नग हवेत, आमचे जेमतेम ७५० निघतात. दुसरे प्रेस मशीन घ्यावे का? स्टॉपवॉच घेऊन उभे राहिलो, तर कामगार नाराज झाले.
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : प्रेस मशीन तूर्त घेऊ नये. आठ तासांच्या पाळीतून चहा-जेवणाची ४५ मिनिटे वजा केली, तर ४३५ मिनिटे, म्हणजे २६,१०० सेकंद उरतात. त्यांना ९०० ने भागले की २९ सेकंद येतात; म्हणजे मागणी पुरवायची तर दर २९ सेकंदांना एक नग निघायला हवा. या आकड्याला ‘टॅक्ट टाइम’ म्हणतात. आपले प्रेस त्याच्या आत बसते, ड्रिलिंग मात्र बसत नाही. त्यामुळे प्रेस वाढवल्यास ड्रिलिंगपुढचा ढीग तेवढा वाढेल.

बारा दिवसांचा हिशेबही याच ढिगात आहे. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, कारखान्यात अर्धवट पडलेल्या मालाला रोज बाहेर पडणाऱ्या मालाने भागले की एका नगाचा सरासरी मुक्काम मिळतो. आपल्याकडे असे ९,००० नग पडून असतील, तर ७५० ने भागून बरोबर बारा दिवस येतात.

म्हणून घड्याळ माणसावर न लावता मालावर लावावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका क्रेटला कार्ड बांधून प्रत्येक मशीनपाशी तो केव्हा आला, काम केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, हे ऑपरेटरनेच लिहावे. बहुतेक वेळ वाट पाहण्यात गेल्याचे त्याच्याच अक्षरात दिसले, की तो नाराज होण्याऐवजी उपाय सुचवू लागतो.

ड्रिलिंग मशीन जेवणाच्या सुट्टीतही थांबू देऊ नये. दुसऱ्या माणसाला शिकवून पाळीपाळीने जेवायला सोडावे. मग पूर्ण ४८० मिनिटे मिळतात आणि ३४ सेकंदांनीही सुमारे ८४७ नग निघतात. उरलेल्या दोन सेकंदांसाठी फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी जोडणी) पाहावे : नग पकडायला दर वेळी नट आवळावा लागत असेल, तर तिथे झटकन बसणारा टॉगल क्लॅम्प लावावा. ३२ सेकंदांवर ९०० चा आकडा गाठता येतो, अर्थात रिजेक्शन होऊ न देता.

डायच्या दोन तासांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण मोठे लॉट त्यामुळेच काढावे लागतात. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या १,००० टनी प्रेसची चार तासांची सेटिंग, म्हणजे डाय बदलण्याचे काम, प्रथम दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणली. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामे आणि चालू असताना उरकता येणारी कामे त्यांनी वेगळी केली. प्रेस थांबल्यावर पाना, बोल्ट आणि पॅकिंगचे तुकडे शोधत फिरणे, हा आपल्याकडच्या लहान कारखान्यांतला नेहमीचा प्रकार आहे; ही सामग्री पुढच्या डायसोबत ट्रॉलीवर आधीच मांडून ठेवावी आणि सर्व डायची शट हाइट (बंद स्थितीतली उंची) एकसारखी करून घ्यावी. सेटिंग जसजशी कमी होईल, तसतसा लॉटही लहान करत जावा.