कोकणातल्या लेण्यांतली 'पिंडी' खरंच पिंडी आहे का?

तुम्ही विचारलंय की रायगड जिल्ह्यातल्या कुडे, गांधारपाले इथल्या लेण्यांत मधोमध दिसते ती मोठी पिंडी शिवलिंग आहे की स्तूप, आणि भिंतीवरच्या शिल्पांचा अर्थ काय. पहिल्या भागावर जास्त लिहितो, कारण त्यावरून माझं आणि आमच्या मामांचं कधीच जमलेलं नाही; ते तिला शिवलिंगच म्हणतात.

तो स्तूप आहे. ओळखायचा तर खालून वर बघत जा. तळाला ढोलासारखा गोल भाग, ती मेधी. तिच्या वरच्या कडेने कठडा कोरलेला असतो: उभे खांब आणि त्यांतून ओवलेल्या आडव्या पट्ट्या. ही वेदिका. ती बरीच झिजलेली असते, म्हणून टॉर्च समोरून मारू नका, दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. तिरप्या उजेडात खोबणी उठून दिसते. त्यावर अर्धगोल अंड, मग चौकोनी हर्मिका, तिच्यावर वर रुंदावत जाणाऱ्या पायऱ्या आणि शेवटी छत्र. शिवलिंगाला शाळुंका लागते, तीर्थ वाहून जायला पन्हळ लागते. स्तूपाला पन्हळ नाही, आणि प्रदक्षिणाही पूर्ण घालायची, शंकराला घालतात तशी अर्धी, सोमसूत्री नाही. घोटाळा होतो तो हर्मिका आणि छत्र फुटून पडल्यावर. उरतो ढोल नि घुमट, मग लोक हळदकुंकू वाहून मोकळे. तेल तर अजिबात ओतू नका, त्यावर धूळ बसून उरलीसुरली वेदिकाही बुजते.

गांधारपाल्याला एका लेण्यात याच्या नेमकं उलट आहे. स्तूप कुणीतरी पार छिलून काढलाय. जमिनीवर खडबडीत खूण आणि वर छताला चिकटलेलं छत्र, एवढंच शिल्लक. धरणाऱ्याविना छत्री!

अर्थाचं थोडक्यात: स्तूप मुळात अस्थींवरची समाधी. नालासोपाऱ्याचा विटांचा स्तूप 1882 साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी उघडला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले, तांब्यापासून पार सोन्यापर्यंत, आणि सोबत आठ कांस्यमूर्ती. लेण्यातला स्तूप कातळातूनच कोरलेला. तिथे तो स्वतःच बुद्धाची खूण. छत्र राजाचा मान, कठडा म्हणजे पवित्र जागेभोवतीचं कुंपण. बुद्धाची मूर्ती घडवायची प्रथा नंतरची, म्हणून कुड्याच्या सहाव्या लेण्यात मोठी स्त्री-पुरुष जोडपी आधीची आहेत आणि बुद्धमूर्ती काही शतकांनी मोकळ्या जागा बघून कोरलेल्या.

त्या जोडप्यांना मामा भीम-द्रौपदी म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत वगैरे. अहो, लेख कोरलाय तिथे! लेणं लेखनिक सिवभूतीचा धाकटा भाऊ सिवम आणि त्याची बायको विजया यांचं, शिल्पकाम मुलांच्या नावावर, खांब मुलींच्या. कुड्याचंच आणखी एक लेणं कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेलं. वैद्य आहे, माळी आहे. पांडव एकही नाही.

एक राहिलं. दापोलीच्या पन्हाळेकाजीला हे जसंच्या तसं लावू नका. तिथल्या 29 लेण्यांत आधी हीनयान, मग वज्रयान हे बौद्ध पंथ आणि पुढे शिवाला मानणारे नाथपंथी येऊन गेले. तिथे खरं शिवलिंगही आहे, गणपतीही आहे. तेवढ्यापुरते मामा बरोबर. कुड्याला नाहीत.