ऑक्टोबरात सस्क्वेहाना नदीवर छोट्या होडीतून स्मॉलमाउथ बास धरायचा तर आमिष कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला येऊन वर्ष झालं, बारा फुटी सपाट तळाची जुनी ॲल्युमिनियमची होडी छोट्या इंजिनासकट घेतलीय, आणि पानगळीच्या दिवसांत सस्क्वेहानातला स्मॉलमाउथ बास हा मासा गळाला चांगला लागतो असं ऐकलंय. तर आमिष कुठलं घेऊ?

आमिषाचं सांगतो, पण आधी तुमच्या होडीचं बोलू. मी मूळचा सांगलीचा. लहानपणी कृष्णेच्या घाटावर कणकेची गोळी लावून चिलापी धरायचो, त्यामुळे इथे आलो तेव्हा मासेमारीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. पहिले दोन हंगाम मी फक्त दुकानात पैसे घातले. रबरी, लाकडी, पिसांची, चमचमणारी अशी आमिषं आणून तीन मजली डबा भरला. एकदा होडी उतरवायच्या उतारावर एक म्हातारे गृहस्थ शेजारी उभे होते. त्यांनी डब्यात डोकावलं आणि म्हणाले, "डबा छान आहे. आता नांगर दाखव." माझ्याकडे दाखवण्यासारखा नांगर नव्हता.

त्यांना काय म्हणायचं होतं ते कळायला नदी कळावी लागते. सस्क्वेहाना 444 मैल वाहते, न्यूयॉर्क राज्यातल्या ओट्सेगो तळ्यापासून चेसापीकच्या खाडीपर्यंत. हॅरिसबर्गजवळ पात्र जवळजवळ मैलभर रुंद आहे, पण कितीतरी ठिकाणी पाणी कमरेइतकंच. पीटर्स माउंटन, सेकंड माउंटन, ब्लू माउंटन हे डोंगर कापत नदी खाली येते, आणि त्या डोंगरांचा कातळ पात्रात आडवा पसरलेला आहे, एकामागून एक कपारी. आपल्या घाटाच्या पायऱ्या काठाला असतात, इथे त्या नदीच्या आरपार टाकल्यात असं समजा. पायरीवरून पाणी उडी मारतं आणि तिच्या खालच्या बाजूला एक शांत पट्टा तयार होतो. मासा त्या शांत पट्ट्यात प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून थांबतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारं खाणं टिपतो. पट्टा कधी होडीएवढा, कधी जेवणाच्या टेबलाएवढा. तुमची होडी प्रवाहाबरोबर चालली असेल तर तो दहा सेकंदांत मागे पडतो. म्हणजे तुमच्या वाट्याला एक फेक येते, तीही बहुधा चुकीची.

उन्हाळ्यात हे खपून जातं, कारण मासा सगळीकडे विखुरलेला असतो आणि आमिषामागे धावतो. पानगळीत तसं नसतं. सप्टेंबरअखेरपर्यंत तो कपारींवर, पाणवनस्पतींच्या कडेला भेटतो. पाणी 60 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 15-16 सेल्सियसच्या खाली गेलं की तो हळूहळू हिवाळ्याच्या मुक्कामाकडे सरकायला लागतो. 50 अंशांच्या आसपास बरेच मासे खोल, संथ जागी गोळा होतात : बेटाच्या खालच्या टोकामागे, काठालगतच्या भोवऱ्यात, कपारीखालच्या डोहात. 40 च्या खाली ते जवळजवळ हलतच नाहीत. त्यामुळे हवेचं तापमान मोबाइलवर बघू नका. पाच-दहा डॉलरचा पाण्याचा थर्मामीटर घ्या आणि उतारावर पोचल्याबरोबर दोरीने पाण्यात सोडा. या ऋतूत एकच वस्तू विकत घ्यायची तर हीच.

म्हणजे थंडी वाढेल तशा जागा कमी होतात आणि प्रत्येक जागी मासे जास्त असतात. एक जागा सापडली की तिथून हलायचं नाही, आणि न हलणं हेच वाहत्या पाण्यात सगळ्यात अवघड.

आता माझी फजिती. तिसऱ्या ऑक्टोबरात नांगर घेतला होता. रॉकव्हिलच्या पुलाखाली (1902 चा दगडी कमानींचा रेल्वे पूल, 48 कमानी, अजून मालगाड्या जातात) एका कपारीवर थांबायचं ठरवलं. बसलो होतो मागे इंजिनाजवळ, नांगरही तिथेच पायाशी होता, म्हणून मागूनच टाकला. नांगर कातळाच्या फटीत पक्का बसला, दोरी ताणली गेली आणि होडीची मागची बाजू खाली ओढली जायला लागली. मागची बाजू आधीच बुटकी, वर इंजिनाचं वजन, माझं वजन. पाणी काठावरून आत आलं, बूट भिजले, डबा तरंगायला लागला. दोरी सोडावी तर गाठ ओली होऊन घट्ट बसलेली. खिशात आमिषाची दोरी कापायचा लहान चाकू होता, त्याने घासून घासून ती दोरी तुटली. सगळं मिळून मिनिटभराचं काम असेल. नंतर काठावर बसून चहा प्यायला घेतला तर थर्मासचं झाकण फिरवता येईना, इतके हात थरथरत होते.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. वाहत्या पाण्यात नांगर पुढच्या टोकावरूनच, कधीही मागून किंवा बाजूने नाही. दोरी पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब हवी आणि एका झटक्यात सुटेल अशी बांधलेली हवी. धारदार चाकू बसल्या जागी हाताला लागला पाहिजे. आणि बहुतेक वेळा मी नांगर टाकतच नाही. जाड साखळीचा दोन-तीन फुटी तुकडा जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये घालून पुढून तळाशी सोडतो. ती घासत राहते, होडी प्रवाहापेक्षा खूप हळू सरकते, ट्यूबमुळे खडखडाट होत नाही आणि साखळी फटीत अडकायची शक्यताही कमी. अडकलीच तर चाकू आहेच. वल्ही मात्र हवीतच. कपारीच्या खालून त्या शांत पट्ट्यात शिरून होडी तिथे धरून ठेवायची, हे इंजिनापेक्षा वल्ह्यांनी चांगलं जमतं, आणि उथळ पाण्यात इंजिनाचा पंखा कातळावर आपटायची भीती नसते. इथले जाणते लोक पंख्याऐवजी पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारी जेट इंजिनं लावतात ती याचसाठी. तुम्हाला त्याची गरज नाही. दिवसाची सुरुवात वरच्या दिशेने जाऊन करा, मासेमारी खाली येताना. इंजिन बंद पडलं तरी नदी तुम्हाला गाडीकडे आणून सोडेल.

मासा ओळखायला सोपा आहे. कांस्यासारखा रंग, अंगावर उभे गडद पट्टे, डोळ्यात लालसर झाक, आणि जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे न जाणारा, म्हणून 'स्मॉलमाउथ'. गंमत म्हणजे तो मूळचा या नदीचा नाही. ओहायोच्या खोऱ्यातले मासे 1854 मध्ये रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून डोंगर ओलांडून शेजारच्या पोटोमॅक नदीत आणले गेले, आणि पुढच्या काही वर्षांत तो इथेही पोचला. आपल्यासारखाच, नंतर येऊन स्थायिक झालेला.

आता आमिष. दोनच सांगतो. पहिलं, साडेतीन इंची पोकळ रबरी नळी, जिला सगळे ट्यूबच म्हणतात. हिरवट तपकिरी रंगाची, आत शिशाचं डोकं असलेला गळ घालून. ती नदीतल्या क्रेफिशसारखी दिसते, म्हणजे आपल्या कोळंबीला खेकड्याच्या नांग्या लावल्या तर जे होईल ते. वजन इतकंच की तळाला टेकेल पण अडकणार नाही. माझ्याकडे बहुतेक वेळा आठवा भाग औंस, धार जोरात असेल तर दुप्पट. ती कपारीच्या वरच्या बाजूला टाकायची आणि पाण्यालाच पायरीवरून खाली लोटू द्यायची. दोरी किंचित ताणलेली, काठीचं टोक वर. मासा ती हिसकावून नेत नाही. दोरी नुसती जड वाटते, ओलं फडकं अडकल्यासारखी, नाहीतर खाली जायच्या ऐवजी आडवी सरकायला लागते. तेवढ्यात काठी उचलली नाही तर तो थुंकून टाकतो. पहिल्या वर्षी असे किती मासे मी 'दगड' म्हणून सोडून दिले असतील देव जाणे.

दुसरं, पाण्यात मधल्या पातळीवर तरंगत थांबणारा लांबट प्लास्टिकचा मासा, जर्कबेट. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. पाणी 60 अंशांना असेल तर एक-दोन सेकंद. 45 ला आलं की मनात दहा मोजायचे, सावकाश. मासा झटक्याला येत नाही, थांबण्याला येतो. आपल्या लोकांना हे जड जातं, सतत काहीतरी करत राहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी हात शांत ठेवायला थर्मासचं झाकण धरून बसतो.

पिसांच्या आमिषाने मासेमारी करत असाल तर या भागाचं एक देणं आहे. क्लाउजर मिनो हे जगभर वापरलं जाणारं आमिष याच नदीवरच्या स्मॉलमाउथसाठी बनलं. ते बनवणारे बॉब क्लाउजर इथून जवळच्या मिडलटाउनचे.

काठी साडेसहा-सात फुटी, मध्यम ताकदीची, आणि आठ पौंडांचा ताण सोसणारी दोरी. बस. एक त्रास मात्र दुकानदार सांगत नाहीत : पानं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वारा सुटला की नदीवर मेपल आणि सिकॅमोरच्या पानांचा थर वाहतो, आणि प्रत्येक फेकीला गळाला एक पान येतं. तेव्हा चिडू नका. पानं मुख्य धारेतून जातात. धारेच्या आतल्या बाजूला, काठालगतच्या उलट्या भोवऱ्यात पाणी स्वच्छ असतं, आणि थंडीत मासाही तिकडेच असतो. सकाळी सहाला जायची घाईही नको. धुकं, हातमोजे, काठीच्या कड्यांत गोठलेलं पाणी, एवढंच मिळतं. नोव्हेंबरात अकरा ते तीन हीच वेळ.

मासा घरी आणता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरचे विचारतील. नाही. 2005 मध्ये या नदीत स्मॉलमाउथची पिल्लं अंगावर पांढरे चट्टे येऊन मोठ्या संख्येने मेली, पुढची काही वर्षंही तोच प्रकार चालला. त्यामुळे 2011 पासून सनबरीपासून हॉल्टवुड धरणापर्यंतच्या टप्प्यात आणि ज्युनियाटा नदीच्या खालच्या भागात बास धरला तर लगेच सोडायचा, असा नियम आला. मासे आता परत चांगले दिसतात, पण नियम दर वर्षी राज्याच्या फिश अँड बोट कमिशनच्या पुस्तिकेत बघून घ्यायचे. अठरा-वीस इंची मासा आठ-दहा वर्षांचा असू शकतो. हात ओले करून खालचा जबडा अंगठ्याने धरा, त्याला टोचणारे दात नाहीत, आणि पाण्यातच गळ काढा. मी संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आलो की बायको दर वेळी विचारते, "मग दिवसभर केलंत काय?" दहा वर्षांत मला याचं उत्तर देता आलेलं नाही.

सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, आणि इंजिन लावलेल्या होडीची नोंदणीही. 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल सोळा फुटांखालच्या होडीत लाइफ जॅकेट अंगात घातलेलंच हवं, बाजूला ठेवलेलं चालत नाही. निघण्याआधी हॅरिसबर्गची पाणीपातळी इंटरनेटवर बघा. पातळी चढत असेल आणि पाणी चहासारखं झालं असेल तर घरीच थांबा. आणि शहराच्या खालच्या अंगाला डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा आहे. वरून बघितलं तर पाण्यावर नुसती एक सरळ रेघ दिसते, बंधारा दिसतच नाही. त्याच्या पायथ्याचं पाणी वस्तू परत आत ओढतं आणि त्यात बरीच माणसं गेली आहेत. तिकडे फिरकू नका. डॉफिनपासून वर डंकॅननपर्यंत, जिथे ज्युनियाटा येऊन मिळते, तुम्हाला दहा वर्षं पुरतील इतक्या कपारी आहेत.

होडी जुनी घेतलीत म्हणून शेवटचं एक. पाण्यात सोडण्याआधी मागच्या बाजूचं, साचलेलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावलंय का ते हाताने चाचपून बघा. मी दोनदा विसरलोय, आणि दुसऱ्या वेळी ते बूच माझ्या खिशातच होतं.